प्रतिसाद : हत्ती एका जागी गोळा करू नका

झेलमच्या लढाईचा पटावरचा युद्धखेळ पोरसच्या बाजूने खेळताना सगळे हत्ती मधोमध गोळा करून सरळ सिकंदराच्या फॅलँक्सवर (लांब भालेवाल्या पायदळाच्या दाट फळीवर) घालावेत, ही इथे कुणीतरी केलेली सूचना मी दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा तोंडावर आपटलो!

इ.स.पू. ३२६ च्या झेलमच्या लढाईत पोरसने हत्ती साधारण शंभर-शंभर फुटांवर उभे केले होते आणि मधल्या फटींमागे पायदळ. प्राचीन इतिहासकार एरियनचा २०० हत्तींचा आकडा धरला तर नुसती हत्तींची रांगच सहा किलोमीटर होते. (दुसरा प्राचीन इतिहासकार कर्टियस ८५ म्हणतो. मी १०० वर तडजोड करतो, नाहीतर पटावर जागाच उरत नाही.) हत्तीची खरी कमाई घोडे बुजवण्यात आहे, ते पुढे यायलाच तयार नसतात. म्हणून सिकंदराने सुरुवातीला मधल्या भागाला हातच लावला नाही. आधी पोरसच्या डाव्या बगलेवरचं घोडदळ मोडलं आणि आपला सेनापती कोइनस याला मागून घातलं.

हत्ती बिथरण्याचा नियम मात्र सौम्य करू नका. परवा माझा एक माहूत भाल्याने पडला, फासा वाईट आला आणि हत्ती वळून माझ्याच धनुर्धरांच्या दोन तुकड्या तुडवत गेला. समोरचा खुर्चीतून पडेपर्यंत हसत होता. पण घडलंही तसंच होतं, कोंडीत सापडलेल्या हत्तींनी आपलं-परकं पाहिलं नाही.

आता कोइनसला मागून वाट मिळू नये म्हणून मी उजवं घोडदळ डावीकडे हलवतच नाही. आणि रथ? चिखलात चाकं रुतण्याचा नियम लावलात तर ते विसराच.