अरुंद ओढ्यातील ट्राउट जवळ जाण्यापूर्वीच पळतात; चूक नेमकी कोठे होत असावी?

काठावरचा नवखा

गेली चार वर्षे मी एका रुंद नदीवर फ्लाय फिशिंग (गळावर बांधलेला नकली कीटक, म्हणजे फ्लाय, टाकून मासेमारी) करीत आहे आणि तेथे मला बऱ्यापैकी यश मिळते. यंदा प्रथमच एका लहान ओढ्यावर जाऊ लागलो आणि सहा खेपांमध्ये वीतभरसुद्धा नसलेला एकच ट्राउट हाती लागला. ओढ्याची रुंदी कोठेही तीन मीटरपेक्षा अधिक नाही, दोन्ही काठांवरील झुडपांच्या फांद्या पाण्यावर एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि एका डोहातून दुसऱ्या डोहात पाणी दगडांच्या पायऱ्यांवरून उतरत जाते. पाणी इतके नितळ आहे की तळाचे खडे मोजता यावेत. मासे आहेत याबद्दल शंका नाही, कारण ते मला दर खेपेला दिसतात. मात्र दिसतात ते पळतानाच.

माझा रॉड नऊ फुटी, पाच वेटचा, म्हणजे पाच क्रमांकाच्या वजनाच्या लाइनसाठीचा आहे. पाणी नितळ असल्यामुळे मी मुद्दाम बारा फुटी लीडर (लाइनच्या पुढचा निमुळता दोरा) आणि ६एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा; एक्सचा आकडा जितका मोठा तितका तो बारीक) लावले, पण त्यामुळे फ्लाय हव्या त्या जागी पडण्याऐवजी लीडरचे भेंडोळेच पाण्यावर पडते, आणि मागे फेक घ्यावी तर फ्लाय फांदीत अडकते. आतापर्यंत दहा-बारा प्रकारच्या फ्लाय बदलून झाल्या. अशा ओढ्यासाठी वेगळी फ्लाय लागते, की माझ्या फेकीतच दोष आहे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दबक्या पावलांचा

आपण फ्लाय आणि फेक या दोहोंविषयी विचारले आहे, परंतु मासे पळतानाच दिसतात हे आपलेच वाक्य पुन्हा वाचावे. ज्या माशाने आपल्याला आधीच पाहिले आहे, त्याच्यापुढे कोणती फ्लाय टाकली याला काही महत्त्व उरत नाही. म्हणून पुढच्या दोन खेपांत फ्लाय बदलू नका. फक्त आपण कोठे आणि कसे उभे राहतो, याकडे लक्ष द्या.

प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते आणि त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश असतो. मासा ३० सेंटीमीटर खोलीवर असेल, तर पृष्ठभागावरील ही खिडकी जेमतेम ६८ सेंटीमीटर व्यासाची होते. मासा जितका वर येईल तितकी ती आकसते. काठावरील वस्तू या खिडकीच्या कडेशी दाबल्यासारख्या, चपट्या दिसतात, आणि पाण्याच्या पातळीपासून साधारण दहा अंशांच्या खाली जे असेल ते माशाला जवळजवळ दिसतच नाही. याचा हिशेब करून पाहा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पाण्याच्याच पातळीवर ताठ उभा असेल, तर त्या दहा अंशांच्या आड राहण्यासाठी त्याला सुमारे दहा मीटर दूर थांबावे लागते. तोच माणूस गुडघ्यांवर बसून एक मीटरइतका खुजा झाला, तर सहा मीटर पुरतात. आपल्या ओढ्यावर दहा मीटरांवरून फेकणे फांद्यांमुळे अशक्य आहे, म्हणजे गुडघे टेकण्याला पर्याय नाही. काठ उंच असेल तर त्यावरून चालूच नये, ओढ्याच्या पात्रातूनच वर सरकावे.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, तेव्हा खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या शेपटीकडून वर जावे, हे आपणास नदीवरून माहीत असेलच. लहान ओढ्यावर त्यात एक भर घालावी लागते. डोहाच्या शेवटाशी, जेथे पाणी उथळ होऊन दगडांवरून निसटते, तेथे बहुधा एक लहान मासा असतो. आपली नजर डोहाच्या वरच्या टोकाला, फेसाखालच्या मोठ्या माशावर खिळलेली असते आणि हा धाकटा दिसतच नाही. आपले पाऊल पडताच तो बाणासारखा वर सुटतो, आणि त्याच्यामागे सारा डोह रिकामा होतो. त्यामुळे पहिली फ्लाय नेहमी त्या शेवटच्या हातभर पाण्यात टाकावी, तेथे काही दिसत नसले तरीही.

बोलण्याची भीती बाळगू नका. हवेतील आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. मात्र बुटाखाली एक खडा घसरला, तर त्याचा हादरा माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला लगेच कळतो. मी स्वतः एका डोहापर्यंतचे शेवटचे पाच मीटर जायला सात-आठ मिनिटे घेतो आणि पोहोचल्यावरही काही वेळ नुसता बसून राहतो. सोबतच्या मंडळींना याचा कंटाळा येतो, म्हणून हल्ली मी एकटाच जातो.

लाइनवेडा

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, पण साहित्याचे गणितही चुकलेले आहे आणि ते स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. फ्लाय फिशिंगमध्ये वजन फ्लायला नसते, लाइनला असते. रॉड वाकतो तो बाहेर असलेल्या लाइनच्या वजनाने, आणि रॉड वाकला तरच लीडर सरळ उलगडतो. आता आपली संख्या घ्या. नऊ फुटी रॉड आणि बारा फुटी लीडर मिळून एकवीस फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर होतात. मासा सहा मीटरांवर आहे. याचा अर्थ आपण फेकता तेव्हा रॉडच्या टोकाबाहेर लाइन जवळजवळ नसतेच आणि आपण नुसता लीडर हवेत हलवीत असता. भेंडोळे पडणार नाही तर काय होणार!

लाइनवर लिहिलेला वेटचा आकडा तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतो. तीन वेटच्या लाइनचे ते वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम, आणि चार वेटच्या लाइनचे १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते. लहान ओढ्यावर तीस फूट लाइन कधीच बाहेर पडत नाही, पाच-सहा फूट पडली तरी पुष्कळ, आणि लाइनचा तो पुढचा भाग निमुळता असल्यामुळे आणखी हलका असतो. म्हणूनच अनेक जण तीन वेटच्या मऊ रॉडवर मुद्दाम चार वेटची लाइन चढवतात. माझ्या मते आपण सात फुटी, तीन वेटचा रॉड, एक वेट जड लाइन आणि साडेसात फुटी लीडर घ्यावा. टिपेट ४एक्स किंवा ५एक्स पुरेसे होईल. ६एक्सची जाडी ०.१३ मिलिमीटर आणि ४एक्सची ०.१८ मिलिमीटर असते. पाण्याच्या खळाळात हा फरक माशाला जाणवण्याइतका त्याच्यापाशी वेळ नसतो, पण फांदीतून फ्लाय सोडवताना आपल्याला तो निश्चित जाणवतो.

फ्लायविषयी थोडक्यात: अशा ओढ्यातील मासा निवडक नसतो, तो भुकेला आणि भित्रा असतो. १४ किंवा १६ क्रमांकाच्या गळावरील एल्क हेअर कॅडिस आणि पॅराशूट ॲडम्स या दोन फ्लायवर माझा हंगाम निघतो. मूळ ॲडम्स १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधली. तिच्या करड्या-तपकिरी पिसांत कोणत्याही एकाच कीटकाची हुबेहूब नक्कल नाही, आणि तिचा उपयोग इतक्या ठिकाणी होतो तो त्यामुळेच. पॅराशूट प्रकारात वर पांढरा तुरा असतो, म्हणून ती सावलीतही आपल्याला दिसते. उन्हाळ्यात फांद्यांवरून मुंग्या आणि भुंगे पाण्यात पडतात, तेव्हा एखादी काळी मुंगीही जवळ असू द्यावी.

उंबरठ्याखालचा

लीडरविषयीचे मत मान्य. नवा रॉड घेण्याविषयीचे मात्र मुळीच मान्य नाही. प्रश्नकर्त्यांनी नऊ फुटी रॉडच वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण फांद्यांचे. जेथे मागे जागा नाही तेथे सगळे रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडण्याची फेक) सुचवतात, पण रोल कास्टसाठी पाण्यावर लाइन पडलेली असावी लागते. तिला पाण्याची पकड मिळाली नाही तर रॉड वाकत नाही. पाच-सहा फूट लाइनवर ते नीट साधत नाही. त्याऐवजी धनुष्यबाणासारखी फेक शिकावी. लीडर रॉडच्या लांबीएवढा बाहेर ठेवावा, लाइन रॉड धरलेल्या हाताच्या बोटाखाली दाबावी, फ्लाय गळाच्या वाकाशी चिमटीत अशी धरावी की टोक बोटांच्या बाहेर राहील, मग ती मागे ओढून रॉड वाकवावा, रॉडचे टोक लक्ष्याकडे रोखावे आणि फ्लाय सोडावी. नऊ फूट रॉड अधिक नऊ फूट लीडर म्हणजे अठरा फूट, हात पुढे केला की जवळपास सहा मीटर. सात फुटी रॉडने हेच अंतर साडेचार-पाच मीटरांवर थांबते, आणि वर दिलेला दहा अंशांचा हिशेब पाहता तो एक मीटर फार मोलाचा आहे.

दुसरे कारण ओढीचे, आणि पायऱ्यापायऱ्यांच्या ओढ्यावर खरी मेख येथेच आहे. आपण खालच्या डोहात बसून वरच्या डोहात फ्लाय टाकतो. दोन्हींच्या मधला दगडी काठ मी उंबरठा म्हणतो. वरच्या डोहातील पाणी संथ असते, पण उंबरठ्यावर येताच ते वेग घेते. लाइन त्या उंबरठ्यावर पडली की क्षणार्धात खाली खेचली जाते आणि तिच्यामागे फ्लाय पाण्यावर रेघ ओढत येते. कोणताही कीटक असा पोहत नाही, आणि ट्राउटला हे पक्के माहीत असते. यावर उपाय असा की फ्लाय पडताच रॉडचे टोक उंच उचलावे आणि लाइन व लीडरचा बहुतेक भाग उंबरठ्याच्या वर हवेतच धरावा. फ्लाय तीन सेकंद मोकळी वाहिली तरी पुरते. लांब रॉड येथे जे काम करतो ते आखूड रॉडला जमत नाही. शक्य असेल तेथे लीडर एखाद्या कोरड्या दगडावर टेकवून नुसती फ्लाय पाण्यात सोडावी.

काठावरचा नवखा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी आणि रविवारी पुन्हा जाऊन आलो. नवा रॉड घेतला नाही. लीडर कापून नऊ फुटांचा केला आणि ४एक्स लावले. पहिल्याच धनुष्यबाणी फेकीत गळाचे टोक माझ्याच अंगठ्यात घुसले, कारण फ्लाय धरताना टोक आत राहिले होते. सुदैवाने टोकामागचा उलटा काटा मी आधीच पक्कडीने दाबून टाकला होता, त्यामुळे गळ सहज निघाला.

त्यानंतर तिसऱ्या डोहाखाली गुडघ्यांवर बसलो आणि, सांगितल्याप्रमाणे, काहीही दिसत नसताना शेवटच्या हातभर पाण्यात ॲडम्स टाकली. पांढरा तुरा दोन दगडांच्या फटीकडे सरकत असतानाच नाहीसा झाला. मासा लहानच होता, पण तो लगेच खालच्या डोहात उतरवून घेतल्यामुळे वरचा डोह शांत राहिला, आणि दहा मिनिटांनी फेसाच्या कडेवरून सुमारे पंचवीस सेंटीमीटरचा ब्राउन ट्राउट मिळाला. दोन दिवसांत एकूण सात मासे झाले. उंबरठ्यावर लाइन पडून वाया गेलेल्या फेकी मात्र मोजल्या नाहीत.

एक शंका उरते. रविवारी दुपारी सोडलेला शेवटचा मासा बराच वेळ कलंडलेला राहिला. मी त्याला ओल्या हातांनीच धरले होते आणि पाण्याबाहेर फारसे काढलेही नव्हते. मग असे का व्हावे?

दबक्या पावलांचा

दुपारच्या वेळी पाण्याचे तापमान किती होते? पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियस पाणी मानवते. २० अंशांच्या पुढे झगडून दमलेला मासा सोडल्यावरही वाचेलच असे नाही. लहान ओढ्यात पाणी थोडे असल्यामुळे ते दुपारी झपाट्याने तापते. खिशात एक साधा तापमापक ठेवा, उन्हाळ्यात पहाटेच जा, आणि २० अंश दिसताच लाइन गुंडाळा. कलंडलेल्या माशाला पुढेमागे हलवू नये. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून हलकेच आधार द्यावा आणि तो स्वतःहून हातातून निसटेपर्यंत थांबावे.

आणि आपण आता पात्रातूनच वर सरकणार असल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगतो. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो. मादी शेपटीने खडी उकरते, त्यामुळे तळावर आजूबाजूपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा एखादा पट्टा दिसू लागतो. त्या खडीखाली अंडी हिवाळाभर असतात. त्यावर पाय पडू देऊ नका. तेवढ्यापुरते काठावर चढून वळसा घालावा लागला आणि वरचा डोह बिथरला, तरी चालेल.