शेअरक्रॉपर म्हणजे कूळ का? (१८६५ नंतरच्या अमेरिकेतले काही शब्द)

जुनी वही:
मंडळी, मदत हवीय. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांवर एका मासिकासाठी लेख लिहितेय आणि पहिल्याच पानावर 'शेअरक्रॉपर'पाशी (दुसऱ्याच्या जमिनीवर पिकाच्या वाट्यावर राबणारा माणूस) गाडी अडकलीय. संपादक म्हणतात 'कूळ' लिहा, सगळ्यांना कळतं. मला ते खटकतंय पण का खटकतंय ते नीट सांगता येत नाहीये. 'बटईदार' लिहू का? आणि प्लीज 'शेअरक्रॉपरच ठेवा' असं सांगू नका, ते मलाही सुचलंय.

रात्रपाळी:
कूळ अजिबात नको. कूळ म्हटलं की आपल्याला कूळकायदा, सातबाऱ्यावरचं नाव, १ एप्रिल १९५७ हे सगळं आठवतं, म्हणजे जमीन दुसऱ्याची असली तरी कसणाऱ्याचा तिच्यावर काहीतरी हक्क असतोच आणि त्याला असंतसं हाकलता येत नाही. तिकडे नेमकं उलटं होतं. जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ सालीच साफ सांगून टाकलं की क्रॉपर वेगळा नि कूळ वेगळं, क्रॉपरकडे जमिनीचा ताबाच नसतो, त्याला मिळतो तो पिकाचा वाटा म्हणजे नुसती मजुरी, फक्त पैशाऐवजी कापसात दिलेली. खेचर मालकाचं, नांगर मालकाचा, बियाणं मालकाचं, राहायची खोपटीही मालकाचीच, आणि पीक निम्मं निम्मं. ज्याचं स्वतःचं खेचर नि अवजारं असायची तो मालकाला तिसरा-चौथा हिस्सा द्यायचा, त्याला वाटेकरी कूळ म्हणा हवं तर. आणि रोख रक्कम ठरवून जमीन घेणारा खंडकरी. शेअरक्रॉपर या उतरंडीत सगळ्यात खाली.

पाटावरवंटा:
बटईला माझा विरोध नाही पण त्या शब्दात धार नाही हो. आमच्याकडे वऱ्हाडात भाऊ पुण्यात नोकरीला गेला की शेत शेजाऱ्याला बटईने देतात, वर्षाच्या शेवटी दोघं चहा पीत हिशोब करतात, जमलं नाही तर पुढच्या साली दुसऱ्याला. तिकडे मिसिसिपीच्या डेल्टातल्या मळ्यावर हिशोबाची वही मालकाकडे, कापूस तोलणारा काटा मालकाचा, दुकानही बऱ्याचदा मालकाचंच, आणि हिशोब चुकला असं काळ्या माणसाने तोंडावर म्हणणं म्हणजे जिवाशी खेळ. यालाही बटई आणि त्यालाही बटई, वाचणाऱ्याला काय कळणार?

कापूसकोंडा:
माझ्या मते जवळचा शब्द 'सालगडी'. ऐकून घ्या आधी.

१८६५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर व्हायच्याही आधी (ती झाली ६ डिसेंबरला), मिसिसिपीने कायदा केला की दर जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी गुलामगिरीतून सुटलेल्या प्रत्येक माणसाकडे आपण कुठे राहतो किंवा कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी कागद पाहिजे. नसला तर भटक्या म्हणून पकडणार, दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो कोणी तो भरेल त्याच्याकडे कामाला जुंपणार. साल पुरं व्हायच्या आत काम सोडलं तर तोपर्यंतची त्या सालाची मजुरी बुडाली. आपल्याकडे पाडव्याला साल ठरतं, तिकडे जानेवारीत. आणि आपल्यासारखीच उचल.

उचलीवरनं खटला झालेला आहे, तो लेखात घ्याच. अलाबामात अलोन्झो बेली नावाच्या शेतमजुराने १९०७ च्या डिसेंबरात १५ डॉलर उचल घेऊन वर्षभराच्या कामाचा करार केला, महिना १२ डॉलर, त्यातून सव्वा डॉलर दर महिन्याला उचलीपोटी कापायचा. जानेवारी पूर्ण केला, फेब्रुवारीचे तीनचार दिवस काम केलं आणि निघून गेला. आता कोणीही म्हणेल ही साधी पैशाची देणीघेणी आहे, दिवाणी दावा लावा. पण अलाबामाच्या कायद्यात असं होतं की उचल न फेडता काम सोडलं म्हणजे मुळातच फसवायचा इरादा होता असं धरून चालायचं, वर माझ्या मनात तसं नव्हतं हे सांगायची आरोपीला मुभाच नाही. ३० डॉलर दंड, आणि तो भरता येत नसेल तर कोर्टखर्चासकट १३६ दिवस सक्तमजुरी. पंधरा डॉलरसाठी! १९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा तेराव्या दुरुस्तीच्या विरोधात म्हणून उडवला. म्हणजे गुलामगिरी संपवणारं कलम मंजूर होऊन ४५ वर्षं झाल्यावरही 'काम सोडून जाता येणं' हा हक्क कोर्टात जाऊन मिळवावा लागत होता.

जुनी वही:
कापूसकोंडा, खटला घेतलाच. पण सालगड्याला ठरलेला पगार असतो, वाटा नसतो. आणि 'वेठबिगार' का नको?

रात्रपाळी:
वेठ म्हणजे फुकट राबणं, पाटलाचं सामान वाहा, साहेबाच्या घोड्याला दाणा आणा. इथे कागदावर मोबदला आहे आणि तो आहे म्हणूनच सगळं कायदेशीर दिसतं. वेठबिगार लिहिलंत तर तो कागदच गायब होतो, आणि खरी गोम त्या कागदात आहे.

पाटावरवंटा:
थोडं विषयांतर, पण उचल-कर्जावरनं आठवलं. १८६५ मध्ये तिकडची यादवी (उत्तर-दक्षिण युद्ध) संपली, अमेरिकेचा कापूस परत बाजारात यायला लागला आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळले. आपल्याकडचा शेतकरी कर्जात बुडत गेला त्याला हेही एक कारण, आणि १८७५ ला सुप्यात सावकारांची कर्जखतं जाळली ती त्याच दशकातली. म्हणजे तिकडे सुटलेला माणूस आणि इकडचा कुणबी एकाच पिकापायी एकाच काळात वहीत अडकत होते. दोघांची गोष्ट एक आहे असं मी म्हणत नाहीये हां, इकडच्यांना कोणी विकलं नव्हतं.

आणि फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्सला काळ्या माणसांची कत्तल झाली होती, आणि सुटलेल्यांना मदत करणारं सरकारी खातं आदल्याच वर्षी बंद पडलं होतं. लेखात जमलं तर टाका.

चिंचेचा कोळ:
गुलामगिरी 'संपली' असं सरसकट लिहू नका एवढंच सांगते. तेराव्या दुरुस्तीतच पळवाट आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल. मग कैदी भाड्याने द्यायला लागले, खाणींना, रेल्वेला, मळ्यांना. याला मराठीत चपखल शब्द 'मक्ता'. जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, तसा कैद्यांचा मक्ता. सरकारला वर्षाची ठरलेली रक्कम, माणसं मेली काय जगली काय मक्तेदाराला फरक नाही. गुलामाच्या मालकाने निदान विकत घेतलेल्या माणसाचे पैसे मोजलेले असायचे, इथे तेही नाही. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं, बरमिंगहॅमच्या आसपासच्या कोळसा खाणींत.

जुनी वही:
मक्ता फार आवडला. शेअरक्रॉपरसाठी 'वाट्यावरचा गडी' लिहिते, गडी म्हटल्यामुळे हक्क नाही हे कळतं आणि वाटाही येतो. संपादक कुरकुरतील, कुरकुरू देत. शेवटचा प्रश्न, दुकानदार पिकावर उधारी द्यायचा त्याला पीकतारण की पीकगहाण?

कापूसकोंडा:
नजरगहाण! ताबा शेतकऱ्याकडेच, फक्त हक्क सावकाराचा. वसंतात कागद व्हायचा, मग वर्षभर पीठ, डुकराचं खारं मांस, कापड सगळं त्याच दुकानातून, उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. आणि दुकानदार म्हणायचा कापूसच लावा, मका नको, कारण कापूस विकता येतो आणि मका घरात खाल्ला जातो.

रात्रपाळी:
पेरणीच्या आधीच कागद होत असेल तर नजरेला काय पडणार, ढेकळं?

कापूसकोंडा:
ढेकळंसुद्धा मालकाचीच की राव.