कट-ऑफ सात तासांचा, पाणी मात्र पाच तासांपुरतं: मोठ्या मॅरेथॉनच्या आयोजनाबद्दल चर्चा

घाटवाट

मोठ्या शहरांत पूर्ण मॅरेथॉनची फी आता दोन हजारांच्या पुढे गेली आहे. फी वाढली म्हणून माझी तक्रार नाही. रस्ते बंद ठेवणं, टायमिंग चिप, रुग्णवाहिका, बंदोबस्त, यातलं काहीच फुकट होत नाही. प्रायोजकांची नावं कमानीवर झळकली तरी माझी हरकत नाही. पण साडेतीन तासांत येणारा आणि साडेसहा तासांत येणारा सारखीच फी भरतात, मग दोघांना सारखी शर्यत का मिळत नाही?

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. जाहीर केलेला कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, सात तासांचा होता. बत्तिसाव्या किलोमीटरच्या टेबलापाशी पोचलो तेव्हा पाच तासही झाले नव्हते. पाण्याचे रिकामे जार उलटे करून ठेवलेले, प्रायोजकाचं नाव छापलेला टेबलक्लॉथ घडी करून खुर्चीवर, आणि कॉलेजमधली दोन मुलं कानकोंडी होऊन उभी. त्यातल्या मुलीने स्वतःच्या सॅकमधली बाटली काढून माझ्या पुढच्या बाईंना दिली. पुढचं टेबल तर उचलूनच नेलं होतं. रस्ता वाहनांना खुला झाला होता, म्हणून आम्ही पंधरा-वीस जण फुटपाथवरून, पार्क केलेल्या दुचाक्यांमधून वाट काढत निघालो. फिनिशला मेडल संपली होती. "पत्ता लिहून ठेवा, कुरिअर करतो."

परदेशातही हे घडतं. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये आयोजकांनीच नेमलेल्या साडेसात तासांच्या पेसरला (त्या वेळेत पोचता यावं म्हणून ठरावीक वेगाने सोबत धावणारीला) आणि तिच्यासोबतच्या धावपटूंना सफाई करणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून जाड, मंद अशी शेरेबाजी ऐकावी लागली. धावपटू रस्त्यावर असतानाच आवराआवर सुरू झाली होती. आयोजकांनी चौकशी केली आणि माफी मागितली.

माझं मत असं की कट-ऑफ जाहीर केला, तर त्या मिनिटापर्यंत पाणी, वैद्यकीय मदत आणि वाहनांपासून मोकळी किमान एक लेन मिळालीच पाहिजे. जमत नसेल तर कट-ऑफ पाच तासांचा ठेवा आणि तसं नोंदणीच्या पानावर ठळक लिहा. बाकीच्यांना काय वाटतं?

टेम्पोरन

मला पटलं नाही. पाणी संपणं चूकच, त्यावर वाद नाही. पण मूळ दुखणं वेगळं आहे. वर्षभर सराव न करता, एखादी दहा किलोमीटरची शर्यत करून लोक थेट बेचाळीस किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव घालतात. मग तीस किलोमीटरनंतर चालत सुटतात आणि शहराने दुपारपर्यंत थांबावं अशी अपेक्षा धरतात. मॅरेथॉन ही शर्यत आहे. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स घ्या. १९२१ पासून चालू आहे, अंतर साधारण पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटर, वेळ बारा तास. बारा तास भरले की फिनिशकडे पाठ करून उभा राहिलेला अधिकारी बंदुकीचा बार काढतो आणि वाट बंद. दोन पावलांवर असलात तरी मेडल नाही. तिथे कोणी कुरकुर करत नाही, उलट त्यासाठीच लोक वर्षभर झिजतात. आपल्याकडेही टप्प्याटप्प्याला कट-ऑफ लावा, मागे पडलेल्याला बसमध्ये बसवा. मागच्यांचे हाल आपोआप थांबतील.

घाटवाट

@टेम्पोरन, कॉम्रेड्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथला नियम कडक आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पाळला जातो. बारा तास म्हणजे बारा तास मदतीची टेबलं उभी असतात. टप्प्यांचे कट-ऑफ लावायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण मला बसमध्ये कोणी बसवलं नाही. मी वेळेत होतो आणि टेबल नव्हतं. सराव कमी असलेल्यांचा मुद्दा इथे लागू होत नाही.

गिरगावचा धावक

मला व्यापारी मॅरेथॉनच्या बाजूने बोलायचं आहे, कारण अशा चर्चेत तिच्या वाट्याला फक्त शिव्या येतात. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्याआधी पहाटे चड्डी-बनियनवर मरीन ड्राइव्हला धावणाऱ्याकडे लोक वळून बघायचे. आज तिथे पहाटे पाचला बायका-माणसांचे गटच्या गट धावताना दिसतात. हा बदल एखाद्या क्लबच्या वर्गणीतून झाला नसता. त्या एका रविवारी पहाटे खास लोकल सोडल्या जातात. एरवी जिथे पायी पाऊल टाकता येत नाही त्या सागरी सेतूवर सूर्योदयाच्या सुमाराला धावता येतं. आणि परतीच्या वाटेवर, पाय पार गळालेले असताना पेडर रोडचा चढ येतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या इमारतींमधली माणसं संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ घेऊन खाली उतरलेली असतात. आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसतात आणि छातीवरच्या बिबवरचं, म्हणजे क्रमांकाच्या कागदावरचं, नाव वाचून हाका मारतात. मी सहा तासांच्या आसपास धावणारा आहे. त्या चढावर मला कोणी परकं केलेलं नाही.

मैसूरपाक

@गिरगावचा धावक, पेडर रोडवरची संत्री तिथले रहिवासी देतात. त्याचं श्रेय आयोजकांना कसं द्यायचं?

गिरगावचा धावक

रस्ता बंद झाला, धावणारे आले, म्हणून रहिवासी खाली उतरले. दोन्ही गोष्टी एकमेकांवर उभ्या आहेत.

मैदानमित्र

मी नाशिकच्या बाजूला मुलांना धावायला शिकवतो. इथली चर्चा हौशी धावपटूंची चालली आहे, तीही बहुतेक पगारदारांची. आमच्या मुलांसाठी या शर्यती म्हणजे रोजीरोटीचा प्रश्न आहे. सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, या मुली रस्त्यावरच्या शर्यतींतून लोकांना माहीत झाल्या. ललिताने २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला, मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. त्याच वर्षी मुंबईत नितेंद्रसिंह रावतने २ तास १५ मिनिटं ४८ सेकंद अशी वेळ दिली. बक्षिसाची रक्कम, प्रमाणित मार्ग, शेजारी परदेशी धावपटू, हे सगळं मोठा प्रायोजक असल्याशिवाय जमत नाही.

माझी तक्रार उलट दिशेची आहे. बक्षीस समारंभाच्या मंचावर सिनेतारका आधी आणि विजेता नंतर. अनेक ठिकाणी बक्षिसाची रक्कम खात्यात यायला महिनोन्‌महिने लागतात. शेतमजुराच्या पोराला तो पैसा बुटांसाठी आणि खुराकासाठी लगेच हवा असतो. मागच्या धावपटूच्या मेडलआधी पुढच्या धावपटूचा हा प्रश्न सोडवा, असं मी म्हणेन.

घाटवाट

@मैदानमित्र सर, बक्षिसाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "आधी" कशाला? दोन्हीकडे दिलेला शब्द मोडला जातोय. शब्द देणारा एकच आहे.

स्टेथोस्कोप

फिनिशजवळच्या वैद्यकीय तंबूत मी बऱ्याचदा काम केलं आहे. तिथून जे दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, मागच्या धावपटूंना नुसतं पाणी पुरवून भागत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये, आणि चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक होतं. हळू धावणारा प्रत्येक टेबलावर थांबतो, भीतीपोटी दोन-दोन ग्लास रिचवतो. मग तंबूत येतो तो गोंधळलेला, डोकं धरून, उलट्या करत. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखी दिसतात आणि कोणीतरी त्याला आणखी पाणी पाजतं. म्हणून तहानेपुरतंच प्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. २००७ साली शिकागोत ऑक्टोबर असूनही इतकं उकडलं की साडेतीन तासांनंतर शर्यत थांबवावी लागली. पाणी संपल्याच्या तक्रारी तिथेही होत्या. आता तिथे हिरवा, पिवळा, लाल, काळा असे झेंडे लावून वाटेवरच परिस्थिती कळवतात. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा नऊनंतर ऊन चटके देतं, आणि ते ऊन सगळं मागच्या लोकांच्या वाट्याला येतं. जिंकणारे तोवर घरी अंघोळ करून बसलेले असतात. तरी रुग्णवाहिका आधी हलवली जाते ती मागच्या टप्प्यावरूनच, हे मी पाहिलं आहे आणि त्यावर भांडलेही आहे. शेवटचा धावपटू गेल्याशिवाय त्या टप्प्यावरचा डॉक्टर हलता कामा नये. या बाबतीत मी घाटवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. टेम्पोरन म्हणतात तसं बसमध्ये बसवायचं असेल तर बसवा, पण बसवेपर्यंत तो तुमच्या जबाबदारीवर आहे.

पाणीवाला

मी याच धंद्यात आहे. शर्यतींच्या पाण्याच्या टेबलांचं काम घेतो. धागा वाचून वाईट वाटलं, म्हणून पडद्यामागचं लिहितो.

पाणी कमी मागवलं जातं म्हणून संपतं असं दर वेळी नसतं. नोंदणीवरून हिशोब होतो, त्यावर जादा साठाही धरला जातो. पण अर्ध्या मॅरेथॉनचे आणि पूर्णचे धावपटू एकाच मार्गावर आले की गणित कोसळतं. दहा किलोमीटरपुढे लोक पाणी पितात कमी आणि डोक्यावर ओततात जास्त. ग्लासऐवजी बाटली असेल तर दोन घोट घेऊन फेकतात. मधली टेबलं तासाभरात रिकामी होतात. गोदामात माल असतो, टेम्पोही भरलेला असतो, पण रस्ता बंद. नाक्यावरचा हवालदार पास बघूनही सोडत नाही, कारण त्याला वरून तसंच सांगितलेलं असतं. मग शेवटच्या टेबलांवरचा माल हातगाडीने मागे आणून मधली टेबलं चालवतात. घाटवाट यांना दिसलेले रिकामे जार बहुधा असेच रिकामे झाले असतील.

दुसरं, स्वयंसेवक. पहाटे तीनला मुलांना बसमधून आणून सोडतात. नाश्त्याचं पाकीट एक. बदली कोणी नाही. दहा वाजता ती मुलं निघाली तर दोष त्यांना द्यायचा का? दोन पाळ्या लावा असं आम्ही सुचवतो. खर्चाच्या यादीत ती ओळ सगळ्यात आधी कापली जाते. मंचाच्या सजावटीची ओळ कापलेली मी अजून पाहिली नाही.

उपाय अवघड नाही. शेवटच्या दहा किलोमीटरचा साठा आदल्या रात्री तिथल्याच एखाद्या शाळेत किंवा सोसायटीत कुलूपबंद ठेवायचा आणि तो मागे न्यायची कोणालाच मुभा द्यायची नाही. जिथे आयोजकांनी हे ऐकलं तिथे शेवटपर्यंत पाणी पुरलं.

कासच्या वाटेवर

हे सगळं वाचून एकच म्हणावंसं वाटतं: साताऱ्याला या. २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन चालू आहे. यवतेश्वरचा घाट, पावसाळी हवा, रस्त्याकडेला ढोल-लेझीम. गावातल्या धावणाऱ्यांनी उभी केलेली शर्यत आणि कंपनीची शर्यत यात फरक पडतोच. नाव खराब झालं तर दुसऱ्या दिवशी भाजी आणायला त्याच बाजारात जायचं असतं.

टेम्पोरन

साताऱ्याबद्दल आदर आहे, पण स्थानिक म्हणजे चांगलं असं सरसकट नको. एका तालुक्याच्या ठिकाणी "एकवीस किलोमीटर" धावलो, तिथे सगळ्यांच्या घड्याळांनी वीसच्या आतलं अंतर दाखवलं. प्रमाणित मार्ग मोजायला सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावतात, आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. पूर्ण मॅरेथॉनला बेचाळीस मीटर जादा. एवढी काटेकोर मोजणी करून घेणारे बहुतेक मोठेच आयोजक असतात. आणि त्या तालुक्याच्या शर्यतीत रुग्णवाहिका एकच होती, तीही मंचाजवळ.

श्प्रेच्या काठी

मी बर्लिनमध्ये राहते. इथली मॅरेथॉन एका क्रीडा क्लबाच्या कंपनीमार्फत चालते. न्यूयॉर्कची आणि बोस्टनची ना-नफा संस्था चालवतात. लंडनच्या आयोजक कंपनीचा नफा त्यांच्याच धर्मादाय संस्थेकडे जातो. म्हणजे "मोठी" आणि "खासगी नफ्याची" हे एकच नाही. पण स्टेथोस्कोप यांनी सांगितलेली शिकागोची शर्यत बँकेच्या मालकीची आहे, आणि तिचंही आयोजन आज उत्तम मानलं जातं. त्यामुळे मालक कोण यापेक्षा नियम छापील आहेत का, आणि ते मोडल्यावर विचारायला कोणी आहे का, हे मी आधी बघेन. शर्यतीला परवानगी देताना महापालिका आणि पोलीस मागच्या वर्षीचा हिशोब मागतात का? पाणी कुठे संपलं, रुग्णवाहिका किती वाजता हलली, रस्ता किती वाजता खुला केला?

घाटवाट

@श्प्रेच्या काठी, हाच मुद्दा मला हवा होता. @पाणीवाला, तुमच्या प्रतिसादाने बरंच उलगडलं. त्या मुलांवर माझा राग आधीही नव्हता. मी आयोजकांना पत्र लिहितो आहे. तीन मागण्या: शेवटच्या टप्प्याचा राखीव साठा, स्वयंसेवकांच्या दोन पाळ्या, आणि रस्ता खुला करण्याची वेळ किलोमीटरवार नोंदणीच्या पानावर. सही द्यायची असेल त्यांनी इथे लिहा.

स्टेथोस्कोप

चौथी मागणी घाला: शेवटच्या धावपटूमागून चालणारी रुग्णवाहिका. माझी सही धरा.

मैदानमित्र

बक्षिसाची रक्कम तीस दिवसांत, हे पाचवं. मग माझी आणि माझ्या मुलांची सही.

टेम्पोरन

टप्प्यांचे कट-ऑफ काटेकोरपणे लावावेत हे त्यात असेल तरच माझी सही. पंचवीस किलोमीटरला वेळ चुकली तर बस, रडारड चालणार नाही.

घाटवाट

असेल. पण बस खरोखर तिथे उभी असली पाहिजे, हेही त्याच वाक्यात लिहितो.