मदत हवी आहे : कोल्हापुरातली पॅथॉलॉजी लॅब वाढवायची कशी?

लॅब_राजारामपुरी
राजारामपुरीत आमची लॅब आहे. दिवाळीपासून पेशंट कमी होत चाललेत. जवळच मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर आलंय, त्यांच्या पॅकेजच्या दरात आमचा रिएजंटचा, म्हणजे तपासणीच्या रसायनांचा, खर्चसुद्धा निघत नाही. इकडं दोघा-तिघा डॉक्टरांनी पेशंट पाठवायचा सरळ कट, म्हणजे कमिशन, मागितलाय. मशिनचा हप्ता आणि पोरांचे पगार काही थांबत नाहीत. मार्केटिंगला माणूस ठेवू, दर पाडू की आणखी एक कलेक्शन सेंटर काढू? या महिन्यात ठरवायचंय, अनुभवी लोकांनी लवकर सांगा.

शिरोलीकर
डॉक्टरांची दारं सोडा, कारखाने धरा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसी, सगळीकडं फाउंड्र्या आहेत. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याला कामगारांची तपासणी वर्षातून एकदा करावीच लागते, जुन्या फॅक्टरी कायद्यात ते कलम ४१सी होतं. एक कारखाना मिळाला की दीड-दोनशे माणसं एका दिवसात.

पंचगंगा_पॅथ
रिपोर्टवर सही कोण करतं?

लॅब_राजारामपुरी
@पंचगंगा_पॅथ सही होते व्यवस्थित. मी धंदा वाढवायचं विचारतोय.

पंचगंगा_पॅथ
मीही धंद्याचंच विचारतोय. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरची सही लागते, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. सही भाड्यानं आणलेली असेल तर कुठलाही फिजिशियन तुमच्यावर भरवसा ठेवणार नाही. मग मार्केटिंगला दहा माणसं ठेवा, उपयोग नाही.

लॅब_राजारामपुरी
माझी थोरली बहीण एमडी पॅथॉलॉजी आहे. सकाळी नऊपासून लॅबमध्येच असते, प्रत्येक स्लाइड स्वतः बघते. मी हिशोब आणि बाहेरचं बघतो.

पंचगंगा_पॅथ
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

साईक्स_एक्स्टेन्शन
पॅकेज काढाच. "६५ तपासण्या" असा बोर्ड लावा, लोक आकडा बघून येतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, एकट्या त्यातच वीस-बावीस आकडे निघतात, ते मोजायचे.

पंचगंगा_पॅथ
असली मोजणी करू नका. गरज नसलेल्या तपासणीत एखादा आकडा जरा इकडंतिकडं निघतो आणि धडधाकट माणूस महिनाभर डॉक्टरांच्या चकरा मारतो.

साईक्स_एक्स्टेन्शन
तुम्ही तत्त्व सांगताय, त्यांचा हप्ता कोण भरणार? कटसुद्धा सगळेच देतात. न देणारा टिकत नाही.

पंचगंगा_पॅथ
डॉक्टरनं कमिशन घेणं आणि देणं, दोन्हीला मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत बंदी आहे, कलम ६.४ वाचा. तुमच्या बहिणीचं रजिस्ट्रेशन पणाला लागेल. शिवाय तो पैसा शेवटी पेशंटच्याच बिलात चढतो.

रंकाळा_सकाळ
धागा लॅबचा आहे म्हणून विचारतो, थायरॉईडच्या टीएसएचला उपाशीपोटी जावं लागतं का? आईला शुगर आहे, उपाशी राहवत नाही.

पंचगंगा_पॅथ
टीएसएचला उपाशी राहायची सक्ती नाही. फक्त दर वेळी साधारण त्याच वेळेला द्या, सकाळी तो थोडा जास्त येतो. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

इचल_टेक्निशियन
राजारामपुरी, पेशंट कमी झाले म्हणजे कुठले? दारात येणारे, घरून नमुना घेतलेले की दुसऱ्या गावचे?

लॅब_राजारामपुरी
दारातले थोडेच कमी झालेत. गारगोटीला आमचं कलेक्शन आहे, तिकडचे जवळजवळ निम्म्यावर आले. तिथला जो मोठा दवाखाना होता तो आता सगळं दुसरीकडं पाठवतो.

इचल_टेक्निशियन
गारगोटीचा नमुना येतो कसा?

लॅब_राजारामपुरी
तिथं कामाला असलेली मुलगी सकाळी सात ते दहा नमुने घेते, डबा एसटीनं येतो, दुपारी एक-दीडला लॅबला पोचतो. बर्फाच्या डब्यात असतो, त्यामुळं खराब व्हायचा प्रश्न नाही. पेशी फुटून सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) लाल झालेला नमुना बहीण परत पाठवते.

इचल_टेक्निशियन
तिथं नमुना फिरवायचं मशीन, सेंट्रिफ्यूज, आहे का? शुगरची ट्यूब कुठली?

लॅब_राजारामपुरी
सेंट्रिफ्यूज इथं आहे. साध्या ट्यूबमध्ये एकदाच घेतात, त्यातच सगळं.

इचल_टेक्निशियन
तुमचे पेशंट यामुळंच गेले असणार. सिरम वेगळं न करता रक्त ठेवलं की पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी १३० असलेली शुगर चार तासांनी शंभरच्या आसपास दिसेल. बर्फानं साखर थोडी वाचते, पण पोटॅशियमचं उलट होतं. थंडीत पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. यात सिरम लाल होत नाही, त्यामुळं बहिणीला डोळ्यांनी कळणारच नाही. बीपीच्या गोळ्यांवरच्या म्हाताऱ्याचं पोटॅशियम ६ असं जास्त आलं की डॉक्टर घाबरून परत तपासतो, तिकडं ४.५ येतं. असं दोनदा झालं की तो तुमच्याकडं पाठवत नाही, आणि तुम्हाला सांगतही नाही.

शिरोलीकर
फाउंड्रीचं मी अजून म्हणतोय. हे एक गाव झालं.

इचल_टेक्निशियन
फाउंड्रीत एक्स-रे आणि फुफ्फुसांची तपासणीही लागते, यांच्याकडं ती सोय आहे का? आणि बिल तीन महिन्यांनी निघतं, हप्ता चालू असलेल्याला ते झेपणार नाही.

लॅब_राजारामपुरी
एक्स-रे नाही. @इचल_टेक्निशियन मग गारगोटीला नेमकं काय बदलू? मुलगी नवी आहे.

इचल_टेक्निशियन
छोटं सेंट्रिफ्यूज आणि पिवळ्या टोपणाच्या जेल ट्यूब. रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, दहा मिनिटं फिरवायचं, मग डब्यात. शुगर राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये वेगळी. सीबीसीची जांभळ्या टोपणाची ट्यूब फिरवायची नाही. नवीन मुलगी आठवड्यात शिकते. दर पाडण्यापेक्षा खर्च कमी येईल. पण आधी खात्री करा : एकाच माणसाच्या दोन ट्यूब घ्या, एक तिथंच फिरवलेली, एक आत्तासारखी, आणि बहिणीला दोन्ही रिपोर्ट बघू द्या.

पंचगंगा_पॅथ
फरक आला तर दोन्ही कागद घेऊन त्या दवाखान्यात बहिणीनं स्वतः जावं. मार्केटिंगच्या माणसाला हे बोलता येणार नाही. आणि रिपोर्टवर तिचा फोन नंबर छापा, शंका आली की डॉक्टरला थेट विचारता येईल.

लॅब_राजारामपुरी
नवं सेंटर मग थांबवतो. वापरलेलं सेंट्रिफ्यूज घेतलं तर चालेल का, की नवंच घ्यावं?

इचल_टेक्निशियन
वापरलेलं चालेल, पण झाकणाचं लॉक आणि फिरण्याचा वेग तपासून घ्या. आणि गारगोटीला सकाळी लाइट जाते का ते मुलीला विचारा, जात असेल तर इन्व्हर्टर आधी.