व्हीएमचा आयपी सापडेना, लवकर सांगा

घाईत_आहे:
व्हीएममध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) उबुंटू लिनक्स सर्व्हर टाकलाय. आत सगळं चालतंय, अपडेटही उतरतात. बाहेरून पुटीने (एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) जोडायला गेलं की नुसतं टाइमआउट. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नेमका कुठला द्यायचा? संध्याकाळी डेमो आहे. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

काथ्याकूट:
व्हीएम कशात चालवतोस: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की हायपर-व्ही? नेटवर्क कुठलं निवडलंय? हे कळल्याशिवाय अंधारात दगड मारणं झालं.

घाईत_आहे:
व्हर्च्युअलबॉक्स. नेटवर्कला हात लावलेला नाही.

जुनाजाणता:
आत जाऊन 'आयएफकॉन्फिग' मार, विषय संपला.

घाईत_आहे:
कमांड नॉट फाउंड 😡

काथ्याकूट:
नव्या उबुंटूत ते सोबत येत नाही, जुनेजाणते. 'आयपी', स्पेस, 'ए' असं दे. पहिला 'एलओ' सोड, तो १२७.०.०.१ असतो, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. नेटवर्क कार्डाच्या, म्हणजे 'ईएनपी०एस३'च्या खाली बघ.

घाईत_आहे:
१०.०.२.१५. अहो, हाच तर टाकतोय मघापासून!

काथ्याकूट:
तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. तू नॅटवर आहेस, म्हणजे व्हीएम होस्टच्या (तुझ्या खऱ्या मशीनच्या) आडून नेट वापरतंय. त्यात व्हर्च्युअलबॉक्स जवळपास प्रत्येकाला हाच आयपी देतो, माझ्याकडेही तोच आहे. तो आतल्या आत चालतो, होस्टवरून तिथे जाता येत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग उघड: होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट (म्हणजे व्हीएम) पोर्ट २२. होस्टच्या २२२२ वर आलेलं मग व्हीएमच्या २२ वर जाईल. पुटीत १२७.०.०.१ आणि पोर्ट २२२२.

पुलावरची_मनी:
पोर्टांची कटकट कशाला? ब्रिज्ड कर. व्हीएमला घरच्या राउटरकडून सरळ आयपी मिळतो.

काथ्याकूट:
आणि डेमोच्या जागी वायफाय बदललं की आयपीही बदलणार. शिवाय वायफायवर ब्रिज्ड कधी रुसेल सांगता येत नाही.

पुलावरची_मनी:
माझं कधीच रुसलं नाही. तुमचंच कार्ड खडूस असेल.

तिसरी_घंटा:
भांडू नका. नॅट राहू दे, दुसरं कार्ड होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएममधलं नेटवर्क) जोड. १९२.१६८.५६.१०१ किंवा त्याच्या आसपासचा मिळेल. नवं कार्ड नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत लिहावं लागतं, नाहीतर आयपीची वाट बघत बसशील.

पेंग्विनप्रेमी:
केव्हीएम वापरा, लिनक्सवर व्हीएम चालवायला. 'व्हर्श डोमआयएफअ‍ॅडर' आणि पुढे मशीनचं नाव, बाहेर बसून आयपी हजर.

तिसरी_घंटा:
तो पुटी म्हणतोय. विंडोजवर असणार बहुतेक.

पेंग्विनप्रेमी:
तीच तर मूळ अडचण आहे.

घाईत_आहे:
हो, विंडोजच. २२२२ दिलं. आता जोडतंय न जोडतंय तोच तुटतंय.

काथ्याकूट:
इन्स्टॉल करताना ओपनएसएसएच सर्व्हरवर (बाहेरून येणारं लॉगिन घेणारा प्रोग्रॅम) खूण केली होतीस का? 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' दे.

घाईत_आहे:
आलं लॉगिन! धन्यवाद. आता वेबसाइट ब्राउझरमध्ये कशी दिसेल?

काथ्याकूट:
तसाच आणखी एक नियम: होस्ट ८०८०, गेस्ट ८०. मग लोकलहोस्ट, कोलन, ८०८०.

जुनाजाणता:
पण पुटी कशाला? विंडोज १० मध्ये एसएसएच आतच आहे की.