मदत हवी आहे: नवा टँकर उतरल्यापासून पहाटे बर्नर लॉकआउट होतोय

निफाडचा_गारठा

नमस्कार मंडळी. टोमॅटो पेस्टच्या एका छोट्या युनिटमध्ये बॉयलर आणि बर्नर मी बघतो. बॉयलर ताशी १ टनाचा, बर्नर प्रेशर जेट (तेल दाबाने नोझलमधून बारीक थेंबांत फवारणारा), तेल फर्नेस ऑइल (जाड, काळं इंधन तेल). पूर्ण लोडला ताशी ७० किलोच्या आसपास तेल जातं.

डिसेंबरअखेर नवा टँकर रिकामा केला आणि तिथून दुखणं सुरू झालं. पहाटे पाचला स्टार्ट दिला की परज होतो (आत साचलेले वायू पंखा बाहेर फुंकतो), ठिणगी पडते, ज्योत धरते, भकभक करते, चिमणीतून काळा लोट निघतो आणि लॉकआउट, म्हणजे बर्नर आपोआप बंद. दोनदा-तीनदा रीसेट केल्यावर कसाबसा चालतो. दुपारी मात्र तोच बर्नर शहाण्यासारखा वागतो. रात्री उघडला की डिफ्यूझरवर (नोझलभोवतीच्या हवेच्या चकतीवर) कार्बनची बोंडं आणि नोझलच्या तोंडाशी तेलाचा थेंब लोंबकळलेला. स्टॅकचं, म्हणजे चिमणीतल्या धुराचं, तापमान २१५ वरून २४५ वर गेलंय.

आतापर्यंत ज्योत ओळखणारा फोटोसेल पुसला (रोजच पुसतोय), नवं नोझल टाकलं, इलेक्ट्रोडचं अंतर जुळवलं, स्ट्रेनर धुतला. पंपाचं प्रेशर २२ बार, नोझलआधी तेल तापवणाऱ्या प्रीहीटरचा थर्मोस्टॅट ९५ वर. गेली चार वर्षं याच सेटिंगवर चालू आहे. पुरवठादार म्हणतो, "तेल तेच आहे, तुमचा बर्नर म्हातारा झाला." मालकांना ते पटलंय आणि नवा बर्नर घ्यायचं चाललंय. त्याआधी कुणी खरं कारण सांगेल का?

भट्टीवाला

आमच्याकडे अॅल्युमिनियमची भट्टी आहे, तिथेही असंच झालं होतं. हवा वाढवा, धूर जाईल.

निफाडचा_गारठा

वाढवून बघितली दादा. धूर थोडा कमी झाला, पण पहाटे ज्योत आणखी उडायला लागली.

बॉयलरकाका

हवेला हात लावू नका अजून. टँकरबरोबर टेस्ट सर्टिफिकेट येतं ना? जुनं आणि नवं, दोन्ही काढा. त्यात "कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, ५० अंश" अशी ओळ असेल, म्हणजे तेलाचा दाटपणा; सेंटिस्टोकचा आकडा जितका मोठा तितकं तेल दाट. दोन्ही आकडे इथे टाका. घनता आणि पाण्याचा आकडाही टाका. मग बोलू.

निफाडचा_गारठा

काका, स्टोअरमध्ये फाइल सापडली. मागच्या टँकरला व्हिस्कॉसिटी ११८ सेंटिस्टोक. या वेळच्याला १७४. घनता ०.९४ ची ०.९६ झाली आहे. पाणी दोन्हीत ०.५ टक्क्याच्या आत. दोन्हींवर ग्रेड "एमव्ही२" लिहिलंय, म्हणजे तेल तेच ना?

बॉयलरकाका

तिथेच तर गोम आहे. आयएस १५९३ या भारतीय मानकामध्ये फ्यूल ऑइलच्या चार ग्रेड आहेत: एलव्ही, एमव्ही१, एमव्ही२, एचव्ही. ५० अंशांना व्हिस्कॉसिटीची कमाल मर्यादा अनुक्रमे ८०, १२५, १८० आणि ३७० सेंटिस्टोक. कमाल हा शब्द नीट वाचा. ११८ चं तेलही एमव्ही२ म्हणून येतं आणि १७४ चंही. दोन्ही कायद्यात बसतात. पुरवठादार खोटं बोलत नाही, पण ग्रेडचं नाव सांगून त्याचं भागतं, तुमच्या नोझलचं भागत नाही.

नोझलला ग्रेड कळत नाही. तोंडाशी तेल किती पातळ आहे एवढंच त्याला कळतं. प्रेशर जेटला तिथे साधारण १५ सेंटिस्टोक लागतात, २० ला ओढाताण होते. ११८ चं तेल ९५ अंशांवर विशीच्या आसपास येत असणार, म्हणजे तुमचा बर्नर चार वर्षं काठावरच चालला होता. १७४ चं तेल त्याच ९५ ला तिशीकडे राहतं. थेंब जाड होतात, अर्धवट जळतात. जाड थेंबाचं पुढे काय होतं ते तुम्ही डिफ्यूझरवर बघताच आहात. या तेलाला ११५ ते १२० अंश हवेत.

जुन्या लोकांकडे व्हिस्कॉसिटी रेडवुड सेकंदात मोजायचे. हल्लीचं १८० म्हणजे आमचं "पंधराशे सेकंदांचं तेल". मोजमाप बदललं, लोक थर्मोस्टॅट मात्र वडिलोपार्जित ठेवतात.

निफाडचा_गारठा

मग नुसता ११८ ला लावू? आणि दुपारी का चालतो?

बॉयलरकाका

लावण्याआधी दोन गोष्टी.

पहिली, पाणी. सर्टिफिकेटवरचं पाणी डेपोतलं असतं, तुमच्या टाकीतलं नव्हे. जड तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की पाणी तळाला बसायला दिवस लागतात, थंडीत तर बसतच नाही. ११८ अंशांवर ते हीटरमध्ये किंवा नोझलशी वाफ होऊन फुटतं, ज्योत उचक्या देते आणि तुम्ही पुन्हा फोटोसेल पुसत बसता. टाकी कोमट ठेवून रात्रभर स्थिर राहू द्या, सकाळी तळाचा ड्रेन हळू उघडा. खात्री करायची तर जाड लोखंडी पट्टी गरम करा, पाण्याचा थेंब पडताच उडाला पाहिजे इतकी, आणि तिच्यावर तेलाचा एकच थेंब सोडा. तडतडला तर पाणी आहे. गॉगल लावून, टाकीपासून लांब.

दुसरी, प्रीहीटर खरंच ९५ देतोय का? किती किलोवॉटचा आहे? आणि कमी तापमानाचा इंटरलॉक (तेल त्याहून गार असेल तर बर्नर पेटू न देणारा) कितीवर आहे?

निफाडचा_गारठा

६ किलोवॉट, २-२ चे तीन एलिमेंट. इंटरलॉक ८० ला. पाणी निघालं काका! अर्धी बादली, चहाच्या रंगाचं. नंतर पट्टीवर तडतड नाही.

बॉयलरकाका

आता हिशेब करा. तेलाची विशिष्ट उष्णता ०.५ धरा, म्हणजे एक किलो तेल एक अंश तापवायला अर्धी किलोकॅलरी. ७० किलो गुणिले ०.५. पहाटे निफाडात तेल २० अंशांवर असेल, ते ११८ ला न्यायचं म्हणजे ९८ अंश. होतात ताशी ३४३० किलोकॅलरी, म्हणजे ४ किलोवॉट. ६ चा हीटर पुरतो. एक एलिमेंट गेलेलं असेल तर उरतात ४, म्हणजे काठोकाठ, तोटा धरला तर कमीच. दुपारी तेलच पंधरा अंशांनी गरम येतं, म्हणून तो तुम्हाला शहाणा वाटतो. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही तारांचा करंट बघा.

आणि तो ८० चा इंटरलॉक. ८० अंशांवर हे तेल पन्नास सेंटिस्टोकच्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही रोज पहाटे नोझलला काकवी पाजता आणि वर पेट म्हणता. १०५ ला न्या.

भट्टीवाला

काका, मग टाकीतच ९० ला तापवून ठेवलं तर? प्रीहीटरवरचा ताण जाईल.

बॉयलरकाका

अजिबात नको. फ्लॅश पॉइंटची (तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते त्या तापमानाची) किमान मर्यादा ६६ आहे. उघड्या व्हेंटच्या टाकीत त्याच्या वर तेल न्यायचं म्हणजे वाफ आणि हवा एकत्र बसवून ठिणगीची वाट बघायची. टाकीत पंप ओढेल एवढंच, ५० च्या आतबाहेर. उरलेलं बंद लाइनमध्ये, प्रेशरखाली. टाकी तापवायची कॉइल नेहमी तेलात बुडालेली हवी, हेही बघा.

लोटेकर

एक विचारतो, विषयाला धरूनच. इतकी कटकट असेल तर सरळ लाइट डिझेल ऑइलवर (एलडीओवर) का जात नाही? ४० अंशांना २.५ ते १५ सेंटिस्टोक, तापवायची गरजच नाही.

निफाडचा_गारठा

मालकांना दर सांगितला होता दादा. त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

बॉयलरकाका

पूर्ण एलडीओ परवडत नसेल तरी छोटी टाकी ठेवा. बंद करायच्या आधी पाचेक मिनिटं एलडीओवर चालवायचं, म्हणजे लाइनमध्ये आणि नोझलमध्ये पातळ तेल राहतं. सकाळी त्याच्यावरच पेटवायचं, गरम झालं की फर्नेस ऑइलवर घ्यायचं. फक्त एलडीओवर असताना प्रीहीटर बंद ठेवा आणि प्रेशर व हवा त्या तेलाप्रमाणे ठरवून घ्या. थंडीच्या तीन महिन्यांसाठी हे सोसतं.

आणि कुणी स्वस्तातलं "मिक्स" घेऊन आलं तर टायर जाळून काढलेल्या तेलाचा उग्र वास येतो का बघा. त्यात फ्लॅश पॉइंट कुठे खाली जाईल सांगता येत नाही. दारातूनच परत पाठवा.

निफाडचा_गारठा

चार दिवसांनी लिहितोय. एक एलिमेंट मेलेलंच होतं, तिसऱ्या तारेत करंट शून्य. बाकीच्या दोघांवर कोकचा बोटभर थर, तो खरवडला. नवं एलिमेंट बसवलं, थर्मोस्टॅट ११८, इंटरलॉक १०५. टाकी ते बर्नर लाइनला हीटिंग टेप आणि वर ग्लासवूल. मग गॅस अॅनालायझर मागवून हवा लावली, धुरातला ऑक्सिजन ४ टक्क्यांवर. भट्टीवालेदादा, आधी वाढवलेल्या हवेने ऑक्सिजन ९ टक्क्यांवर गेला होता, नुसती गरम हवा चिमणीतून सोडत होतो.

ट्यूबा घासल्या, स्टॅक २१० वर आला. मालक आता विचारतायत की आणखी खाली आणता येईल का, १३० वगैरे, इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवणारा) लावून.

बॉयलरकाका

त्यांना सर्टिफिकेटवरची गंधकाची ओळ दाखवा. एमव्ही२ ला ४ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. इतकं गंधक असलेल्या धुराला थंड पत्रा मिळाला की सल्फ्युरिक अॅसिड जमतं आणि इकॉनॉमायझर दोन-चार हंगामांत चाळणी होतो. १६०-१७० च्या खाली जाऊ नका, आणि इकॉनॉमायझरला गार पाणी थेट देऊ नका.

निफाडचा_गारठा

सांगतो. एक शेवटचं: पुढच्या टँकरला ऑर्डरमध्येच व्हिस्कॉसिटी लिहून मागता येते का?

बॉयलरकाका

मागता येते. "५० अंशांना कमाल १२५" असं लिहा, म्हणजेच एमव्ही१. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर टँकरचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी सर्टिफिकेट हातात घ्या, आकडा बघा आणि थर्मोस्टॅट त्या दिवशीच बदला. बॉयलरच्या वहीत एक रकाना वाढवा, टँकरची तारीख आणि व्हिस्कॉसिटी. एक लिटरचा नमुनाही बाटलीत सील करून ठेवा, टँकर संपेपर्यंत.

निफाडचा_गारठा

रकाना आखला. पहिली नोंद १७४. आज पहाटे ७ अंश होते, पहिल्याच स्टार्टला धरला.