रिव्हॉल्वर चालवताना तोंडावर कण उडतात: चालायचंच, की हत्यारात दोष?

होटगीरोडकर
माझ्या परवान्यावर .३२ बोअरचं रिव्हॉल्वर आहे, जुनं घेतलेलं. गेल्या रविवारी रेंजवर बारा राउंड काढले. पाचव्या की सहाव्या गोळीला उजव्या गालावर काहीतरी टोचलं. हात लावला तर रक्ताचा ठिपका, आणि नखानं काढल्यावर राखाडी, चकचकीत कपचा निघाला. शिसं. चष्म्याच्या काचेवर दोन ओरखडे आहेत. चष्मा नसता तर आज हे लिहायला बसलो नसतो.

तिथले जुने लोक म्हणाले, "रिव्हॉल्वर म्हटलं की एवढं चालायचंच." मला हे अजिबात पटत नाही. हत्यार चालवणाऱ्याच्याच तोंडावर धातू येत असेल तर ते हत्यार तपासून होईपर्यंत वापरूच नये, आणि रेंजवर चष्म्याशिवाय कुणाला उभं करू नये. तुमचं काय मत?

बार्शीकर पाटील
दादा, पंचवीस वर्षं झाली रिव्हॉल्वर बाळगतोय. शेतावर वस्ती आहे, म्हणून परवाना काढला. तोंडावर चुरचुर मलाही होते. काडतूसं भरतात तो सिलिंडर फिरायचा म्हटल्यावर तो आणि नळी यांच्यात फट राहणारच. त्या फटीतून जाळ आणि दारूचे कण उडतात, ही रिव्हॉल्वरची जातच आहे. एका कपच्यावरून हत्यार मिस्त्रीकडं टाकलं की महिनाभर अडकून पडतं. वस्तीवर रात्री तुम्ही येणार का राखणीला?

जॉबर अशोक चौक
पाटील, फट असते हे खरं. साधारण ०.१ ते ०.२५ मिलीमीटर. पण नीट असलेल्या रिव्हॉल्वरमध्ये त्या फटीतला जाळ दोन्ही बाजूंना जातो. म्हणूनच बोट सिलिंडरच्या पुढं नेऊ नका म्हणतात. तोंडाकडं शिसं येणं ही वेगळी गोष्ट.

माझं आयुष्य लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर गेलं, तिथलंच सांगतो. ताण्याचे उभे धागे उघडले की त्याच क्षणी आडवा धागा नेणारा धोटा गेला पाहिजे. टायमिंग जरा चुकलं की धागे तुटतात, आणि धोट्याला दोष देऊन उपयोग नसतो. इथंही तेच. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) मागं ओढताना सिलिंडरचं घर, म्हणजे काडतूस बसतं ते भोक, नळीच्या अगदी समोर येऊन कुलूप बसायला हवं, म्हणजे सिलिंडर तिथंच अडकायला हवा. आतला फिरवणारा तुकडा किंवा कुलपाची खाच झिजली की घर केसभर तिरकं राहतं. मग गोळी सरळ आत न जाता नळीच्या काठाला घासते, तिची एक कड सोलली जाते आणि तो तासलेला तुकडा फटीतून बाहेर पडतो. नळीच्या मागच्या तोंडाला जो उतार दिलेला असतो, तो शिशानं भरला किंवा जळून खडबडीत झाला तरी हेच होतं.

विजापूर रोड
काडतूसं जुनी असतील हो. दारू नीट जळत नाही, मग कण उडतात. हत्याराला कशाला दोष?

जॉबर अशोक चौक
न जळलेली दारू काळी असते, तिखट उडाल्यासारखी चुरचुरते आणि पुसली की जाते. यांच्या गालातून धातू निघालाय. शिशाच्या उघड्या गोळ्या मऊ असतात, त्या लवकर सोलल्या जातात, एवढं मान्य. पण सोलणारा काठ हत्यारातच आहे ना?

पार्क चौकातली नेमबाज
पाटील काका, तुमच्या तोंडाचं तुम्ही ठरवाल, पण फटीतून उडणारं आधी शेजारच्याकडं जातं. मी .२२ वर सराव करते. एकदा पलीकडच्या लेनवर रिव्हॉल्वर चालू होतं आणि माझ्या मनगटावर शिशाचा कीस आला. मी तर चापही ओढला नव्हता. म्हणून चष्मा हा प्रत्येकाचा खाजगी प्रश्न नाही. चालवणाऱ्यानं, शेजारच्यानं, मागं उभं राहून बघणाऱ्यानंही घातलाच पाहिजे. आणि साधा नंबरचा चष्मा नको, कडेनं झाकणारा, न फुटणारा हवा. घरी गेल्यावर जेवायच्या आधी हात-तोंडही धुवा, शिसं पोटात जाऊ नये.

बार्शीकर पाटील
ताई, शेजारच्याचं तुमचं बरोबर आहे, तिथं मी बोलत नाही. रेंजवर घालीन चष्मा. पण वस्तीवर रात्री कुत्री भुंकायला लागली तर चष्मा शोधत बसू का? हत्यार अडीनडीला असतं.

जॉबर अशोक चौक
म्हणूनच ते आधीच नीट करून ठेवायचं, पाटील. ज्याचं टायमिंग गेलंय ते अडीनडीलाच दगा देतं. घर आणखी तिरकं झालं की घोड्याची पिन काडतुसाच्या टोपीवर मधोमध बसत नाही, आणि मग राउंड फुसका जातो.

होटगीरोडकर
काल हत्यार पूर्ण रिकामं केलं, दोनदा बघितलं, काडतूसं दुसऱ्या खोलीत ठेवली. मग सिलिंडरवर बोट हलकं टेकवून घोडा अगदी सावकाश मागं घेतला. चार घरांना घोडा अडकायच्या आत 'टक्' वाजून कुलूप बसलं. दोन घरांना घोडा अडकला तरी सिलिंडर मोकळाच होता, बोटानं ढकलल्यावर टक् वाजलं. दोन्हींवर खडूनं खूण केली आहे.

घरी उघडणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे परवानाधारक मिस्त्रीकडंच देतोय. नळीतून मापाची सळई घालून सहाही घरं नळीसमोर बरोबर येतात का, ते बघायला सांगणार आहे.

बार्शीकर पाटील
सावकाश घोडा ओढून आत्ता माझंही बघितलं. एका घराला टक् उशिरा वाजतंय. मिस्त्रीचा पत्ता मेसेज करा.